स्मार्ट मीटर (सौर पॅनेल असलेल्या घरांतील)

छतावर सौर पॅनेल असलेल्या घरात वीजपुरवठ्याच्या जाळ्याकडून, म्हणजे ग्रिडकडून, आलेली (आयात) आणि ग्रिडला दिलेली (निर्यात) वीज वेगवेगळी मोजणारा, दोन्हींची वेळेनुसार नोंद ठेवणारा आणि ती वितरण कंपनीला आपोआप कळवणारा इलेक्ट्रॉनिक वीजमापक. साध्या घरात अशा मीटरचा मुख्य लाभ कंपनीला होतो : रीडिंगसाठी माणूस पाठवावा लागत नाही आणि थकबाकीदाराची जोडणी दुरून तोडता येते. सौर घरात मात्र किती युनिट वापरले याइतकेच ते केव्हा वापरले यालाही पैशाचे मोल असते, म्हणून तिथे तो ग्राहकाच्याही कामाचा ठरतो. हे मोल मीटरच्या करामतींपेक्षा हिशेबाच्या नियमांवर अधिक अवलंबून असते.

नेट मीटर (आयातीतून निर्यात वजा करता यावी म्हणून दोन्ही मोजणारा मीटर) आणि स्मार्ट मीटर यांत नेहमी गल्लत होते. दोन्ही दिशांची वीज मोजणे हा एक गुण आणि नोंदी दुरून पाठवणे हा दुसरा. निर्यात मोजणारा पण कुणाशीच न बोलणारा मीटर असू शकतो, तसाच संदेश पाठवणारा पण निर्यातीची नोंद सुरूच न केलेला मीटरही असतो. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक. वीजचोरी रोखण्यासाठी काही इलेक्ट्रॉनिक मीटर उलट दिशेची वीजही आयातच समजून मोजतात. असा मीटर न बदलता पॅनेल सुरू केले, तर ग्रिडला दिलेल्या विजेचेही बिल ग्राहकालाच येते. मीटरच्या पडद्यावर साधारणतः १.८.० या संकेताखाली एकूण आयात आणि २.८.० खाली एकूण निर्यात दिसते. उन्हाच्या दुपारी, घरातला वापर कमी असताना दुसरा आकडा वाढतो की नाही, ही तपासणी कुणालाही करता येते.

पूर्वपीठिका : फिरत्या चकतीचा मीटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. वीज बाहेर जाऊ लागली की त्याची चकती उलटी फिरू शकते. नेट मीटरिंगची सगळी कल्पनाच या यांत्रिक योगायोगाशी जुळलेली आहे : दिलेले युनिट घेतलेल्या युनिटातून आपोआप वजा, वेगळा हिशेब नको. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्येच नेट मीटरिंगचा कायदा केला. मोठ्या प्रमाणावर स्मार्ट मीटर बसवण्याचे पहिले उदाहरण इटलीचे. तिथे २००१ पासून काही वर्षांत सुमारे ३ कोटी मीटर बदलले गेले, पण त्यामागचा हेतू सौर वीज नव्हता. वसुली आणि चोरीला आळा हा होता. सौर घरांना त्याचा उपयोग नंतर सापडला.

मीटरला काय दिसते : मीटर घर आणि ग्रिड यांच्या सीमेवर बसलेला असतो. पॅनेलवर तयार होऊन घरातच खपलेली वीज त्याच्यातून जातच नाही, त्यामुळे तिची नोंदही होत नाही. समजा, दिवसभरात पॅनेलने १२ युनिट तयार केले, त्यांतले ४ घरात वापरले गेले, ८ बाहेर गेले आणि संध्याकाळनंतर ग्रिडमधून ६ घेतले. मीटर ६ आणि ८ एवढेच सांगेल. घराचा खरा वापर १० युनिट होता हे कळण्यासाठी इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा) उत्पादनाचा आकडा लागतो : उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. ‘सोलर बसवूनही वापर कमी दिसत नाही’ किंवा ‘मीटर उत्पादन कमी दाखवतो’ या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच असते. दुसऱ्या तक्रारीत तर निर्यातीलाच उत्पादन समजलेले असते.

हिशेबाचा कालखंड : वरच्या घराला नेट मीटरिंग लागू असेल तर २ युनिट जमेस राहतात, आणि वीज केव्हा वापरली याने फारसा फरक पडत नाही. अशा घराला स्मार्ट मीटर म्हणजे निव्वळ सोय. पण निर्यातीचा दर आयातीच्या एक तृतीयांश असेल, तर तेच ८ युनिट जेमतेम पावणेतीन युनिटांच्या मोलाचे ठरतात आणि सव्वातीन युनिटांचे पैसे भरावे लागतात. बऱ्याच ठिकाणी धोरण याच दिशेने सरकले आहे. हवाईने २०१५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केले. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ नंतरच्या अर्जदारांना निर्यातीचा मोबदला तासागणिक बदलणाऱ्या दराने मिळतो. नेदरलँड्समध्ये वजावटीची पद्धत १ जानेवारी २०२७ पासून संपवण्याचा कायदा झाला आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या योजनेत निर्यातीचे पैसे हवे असतील, तर दर अर्ध्या तासाची निर्यात नोंदवू शकणारा मीटर असावाच लागतो.

वजावट किती वेळाच्या अंतराने होते, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बिलावर त्याचा परिणाम मोठा असतो. ढगांच्या दिवशी पंधरा मिनिटे २ किलोवॉट बाहेर गेले आणि पुढची पंधरा मिनिटे २ किलोवॉट आत आले, तर अर्ध्या तासाच्या वजावटीत बाकी शून्य. क्षणोक्षणी मोजणाऱ्या मीटरवर मात्र अर्धा युनिट आयात आणि अर्धा युनिट निर्यात अशा दोन स्वतंत्र नोंदी होतात. तीन फेजच्या जोडणीतही हेच घडते. इन्व्हर्टर एका फेजवर ३ किलोवॉट देत असेल आणि उरलेल्या दोन फेजवर मिळून घरातला ३ किलोवॉट भार असेल, तर तिन्ही फेजची बेरीज करणारा मीटर शून्य दाखवतो. प्रत्येक फेज वेगळी मोजणारा मीटर ग्राहकाला त्याच क्षणी विक्रेता आणि खरेदीदार दोन्ही ठरवतो. पॅनेल किती बसवायचे हे ठरवण्याआधी आपला मीटर यांपैकी कोणता, हे विचारले पाहिजे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ते क्वचितच असते.

उपयोग : मीटर स्वतः एक युनिटही वाचवत नाही. तो दाखवतो त्यावरून माणसाने किंवा यंत्राने काही बदलले तरच फरक पडतो. पाणी तापवणे, कपडे धुणे, गाडी चार्ज करणे ही कामे दुपारकडे ढकलणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र निर्यात १.२ किलोवॉट चालू असताना २ किलोवॉटचा हीटर लावला, तर ०.८ किलोवॉट ग्रिडमधूनच येते. हा तपशील अर्ध्या तासाच्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी मीटरमधून थेट, काही सेकंदांच्या अंतराने माहिती मिळावी लागते. डच मीटरांवर ग्राहकासाठीच ठेवलेली जोडणी असते आणि नव्या मीटरांत ती दर सेकंदाला आकडे देते. बॅटरी किंवा चार्जर त्यावरून आपली गती ठरवू शकतात. ब्रिटनमध्ये मीटरसोबत मिळणारा घरातला छोटा पडदा सहसा आयातच दाखवतो, म्हणजे सौर घरमालकाला जे हवे तेच त्यात नसते.

बॅटरी घ्यावी की नाही, या प्रश्नावर वर्षभराच्या आयात-निर्यातीच्या नोंदीइतका प्रामाणिक सल्लागार नाही. रात्रीची आयात रोज ३ युनिट असताना १० युनिटांची बॅटरी घेतली, तर तिचा बराचसा भाग पडून राहील. मध्यरात्रीनंतरची किमान आयात घराचा कायमचा भार सांगते : सतत १५० वॉट म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, आणि त्यांतले बरेचसे ऊन नसताना.

बिघाडही लवकर उघडे पडतात. इन्व्हर्टर बंद पडला तरी घरातले दिवे लागतच राहतात, त्यामुळे साध्या मीटरच्या घरात ते बिल आल्यावरच कळते. स्मार्ट मीटरच्या आलेखात स्वच्छ दुपारी निर्यात शून्य दिसली की शंका यायलाच हवी. आणखी एक दुखणे विजेच्या दाबाचे (व्होल्टेजचे) आहे. एकाच रोहित्रावरची अनेक घरे एकदम वीज बाहेर सोडू लागली की तारेतला दाब चढतो आणि मर्यादा ओलांडताच इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तोही नेमका भर उन्हात. मीटरमध्ये व्होल्टेजची नोंद असेल, तर रोहित्राचा टॅप (दाब कमी-जास्त करण्याची सोय) बदलून घेण्यासाठी कंपनीकडे तोच पुरावा ठेवता येतो.

मर्यादा आणि आक्षेप : ब्रिटनमधील पहिल्या पिढीचे अनेक स्मार्ट मीटर ग्राहकाने पुरवठादार बदलताच नुसते आकडे दाखवणारे मीटर होऊन बसले. अचूकतेचा प्रश्न २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातील चाचणीने गाजला : डिमर आणि एलईडी दिव्यांसारख्या भारामुळे प्रवाहाची लहर विकृत झाल्यावर काही इलेक्ट्रॉनिक मीटर प्रत्यक्षापेक्षा ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त वापर दाखवत होते. ती प्रयोगशाळेतली टोकाची स्थिती होती, सर्वसाधारण घराची नव्हे. खासगीपणाचा आक्षेप अधिक खोल आहे. बारीक अंतराच्या नोंदींवरून घरात माणसे केव्हा असतात, केव्हा झोपतात याचा अंदाज बांधता येतो. याच कारणाने डच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये मीटरची सक्ती फेटाळली. दिवसा पॅनेलचे उत्पादन हा माग थोडा पुसते, रात्री तो जसाच्या तसा उरतो.

जिथून माहिती बाहेर जाते तिथूनच आज्ञाही आत येऊ शकतात. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ पासून मोबदल्याच्या योजनेत येणाऱ्या नव्या छोट्या सौर संचांना, स्मार्ट मीटर आणि नियंत्रण पेटी बसेपर्यंत, क्षमतेच्या ६० टक्क्यांपर्यंतच वीज ग्रिडला देता येते. पेटी बसली की ही अट सुटते, पण गरज पडल्यास निर्यात दुरून कमी करण्याची सोय त्याच पेटीमुळे ग्रिडचालकाच्या हाती येते.