फिलरनंतर चेहऱ्याचा रंग बदलला तर: गव्हाळ त्वचेवर धोका कसा ओळखायचा

फिलर घेऊन खुर्चीतून उठणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य ऐकायला मिळतं: "थोडं सुजेल, थोडं काळंनिळं पडेल, दोन-चार दिवसांत उतरेल." बहुतेकांच्या बाबतीत ते अगदी खरं ठरतं. पण कधीतरी याच वाक्यावर विसंबून एखादी मुलगी रात्रभर ठणका सोसत घरी बसते, आणि तिच्या नाकाची किंवा ओठाची कातडी वाचवण्याचे नेमके तेच तास हातातून जातात.

सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात फिलर हा शब्द आता नवा नाही. साखरपुड्याआधी ओठ भरून घेणं, नाकाचा उंचवटा सरळ करून घेणं, डोळ्यांखालचे खड्डे बुजवणं हे सगळं चालतं, आणि त्यात वाईट काही नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या उपचारातली सगळ्यात गंभीर गुंतागुंत, म्हणजे फिलर रक्तवाहिनीत शिरून रक्तपुरवठा बंद पडणं, कशी दिसते याचे इंटरनेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात. त्यात पांढराफटक डाग ठळक दिसतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तो तसा दिसत नाही. म्हणून तो आपल्या त्वचेवर कसा शोधायचा, हे कळायला हवं.

आधी फिलर म्हणजे काय ते पाहू. बोटॉक्स आणि फिलर यांची सर्रास गल्लत होते. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर जागा भरतं. आज सर्वाधिक वापरलं जाणारं फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 साली गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळा काढला. तो आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. नुसताच टोचला तर शरीर तो लवकर मोडून टाकतं. म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत बांधून घट्ट जेल बनवतात, आणि ते काही महिने टिकतं. हेच जेल धमनीत गेलं तर तिथेही टिकतं, सगळी अडचण इथे आहे.

दात घट्ट आवळा. जबड्याच्या कोपऱ्याजवळ एक स्नायू टणक होईल. त्याच्या किंचित पुढे, जबड्याच्या खालच्या कडेवर बोट हलकंसं टेकवलं की ठोका लागेल. ही चेहऱ्याची मुख्य धमनी. इथून ती नागमोडी वळणं घेत वर जाते, वरच्या आणि खालच्या ओठाला फांद्या देते, नाकाच्या कडेने चढते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचते. तिची वाट प्रत्येकात थोडी निराळी असते. एकाच माणसाच्या दोन गालांतही ती एकसारखी असेलच असं नाही. त्यामुळे शरीररचना पाठ असलेल्या डॉक्टरच्या हातूनही सुई धमनीत जाऊ शकते.

तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. ठिबकची एक नळी चोक झाली तर अख्खी बाग सुकत नाही, त्या नळीवरच्या वेलीच माना टाकतात. चेहऱ्यावरही जी फांदी बुजली तिच्या वाट्याची कातडीच बिघडते, आणि त्या भागाला धमनीच्या वाटेचा आकार असतो. गाल आणि ओठांना शेजारच्या फांद्या बरीच मदत करतात. नाकाच्या शेंड्याला आणि पाळ्यांना ती मदत कमी मिळते, म्हणून नाकाची कातडी लवकर मरते. नाकाचं ऑपरेशन आधी झालेलं असेल तर धोका आणखी वाढतो, कारण व्रणात रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असते.

कातडीपेक्षा भयंकर आहे ती डोळ्याची गोष्ट. टोचलं भुवयांमध्ये किंवा नाकावर, आणि दिसायचं बंद झालं डोळ्याने, हे कसं होतं? कपाळाच्या मधल्या भागाला आणि नाकाच्या दांड्याला रक्त देणाऱ्या काही धमन्या डोळ्याच्या धमनीतूनच बाहेर आलेल्या असतात. सुईचं टोक अशा धमनीत असताना दट्ट्या दाबला की त्याचा जोर रक्ताच्या दाबापेक्षा जास्त भरतो आणि जेल उलट्या दिशेने, डोळ्याकडे सरकतं. दट्ट्यावरचा अंगठा सैल पडला की रक्ताचा दाब पुन्हा वरचढ होतो आणि तेच जेल पुढे ढकलतो. पण आता त्याच्या पुढ्यात डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी असते. त्यासाठी किती जेल लागतं? मृतदेहांवर केलेल्या मोजणीत भुवईजवळच्या त्या धमनीपासून डोळ्याच्या धमनीपर्यंतची जागा सरासरी 0.085 मिलिलिटर निघाली. फिलरची सिरिंज साधारण 1 मिलिलिटरची असते, म्हणजे तिचा जेमतेम बारावा भाग. म्हणूनच जाणकार डॉक्टर एका जागी 0.1 मिलिलिटरहून कमी, आणि तेही अगदी सावकाश टोचतात.

फिलर येण्याच्या आधीपासून हा धोका माहीत आहे. 1963 साली डोक्याच्या कातडीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर डोळ्यात गुठळ्या गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. फिलर आणि चरबीच्या इंजेक्शनांमुळे नजर गेल्याच्या जगभरातल्या प्रसिद्ध नोंदी 2015 साली एकत्र केल्या तेव्हा त्या 98 होत्या. 2019 मध्ये त्यांत 48 नव्यांची भर पडली. नव्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत इंजेक्शन नाकावर झालेलं होतं. छापून न आलेली प्रकरणं या आकड्यांत नाहीत.

तरीही ही गुंतागुंत विरळ आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अमेरिकेतल्या 370 त्वचारोगतज्ज्ञांच्या सुमारे 17 लाख सिरिंजांच्या अनुभवावर आधारलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सुईने टोचताना 6,410 सिरिंजांमागे एकदा, तर कॅन्युला म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने 40,882 सिरिंजांमागे एकदा रक्तवाहिनी बुजली. पण हे शिकलेले, सराव असलेले हात होते. पार्लरच्या मागच्या खोलीचा हिशेब त्यात नाही.

आता ओळखायचं कसं, ते नीट पाहू.

पहिली खूण रंगाची. जेल धमनीत शिरताच त्या भागातलं रक्त ओसरतं आणि कातडी फिकी पडते. सावळ्या त्वचेवर हा पांढरेपणा क्वचितच दिसतो. तो भाग राखेसारखा, निस्तेज वाटतो, आणि तेही उजव्या-डाव्या बाजूची तुलना केली तरच लक्षात येतं. म्हणून आरसा खिडकीपाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजू एकत्र बघा. ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या ब्युटी मोडमध्ये काही कळत नाही. ओठ किंवा नाकाभोवती फिलर घेतलं असेल तर ओठ उलटा करून आतली बाजू आणि वरची हिरडी पाहा. तिथे कातडीचा रंग सहसा कमी आड येतो. एक बाजू गुलाबी आणि दुसरी फिकी किंवा जांभळट दिसली, तर ती खूण बाहेरच्या कातडीपेक्षा जास्त भरवशाची.

फिकेपणा काही मिनिटांत जाऊही शकतो. त्यामुळे "आता बरं दिसतंय" म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. त्यानंतर जाळीदार नक्षी उमटते: निळसर-जांभळ्या, वेड्यावाकड्या रेषा आणि मधे फिके ठिपके. आपल्या त्वचेवर ती जाळी तपकिरी-करडी दिसते, कडा पुसट असतात. साधा मुका मार एका ठिकाणी गोळा होतो आणि दिवसागणिक हिरवा-पिवळा होत उतरतो. जाळी मात्र टोचलेल्या जागेपासून दूरही पसरते. गालाच्या घडीत टोचलेलं असताना नाकाच्या पाळीवर किंवा भुवयांमध्ये डाग उमटला, तर त्याला मुका मार म्हणता येणार नाही.

दुसरी खूण बोटाने तपासायची. संशयित जागा पाच सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर ओसरलेला रंग साधारण दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. मग तीच चाचणी दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेवर करा. एकीकडे रंग पटकन परतला आणि दुसरीकडे वाट पाहावी लागली, तर रक्त पोचत नाही. रंग नीट कळत नसेल तर हीच चाचणी ओठाच्या आतल्या बाजूला करता येते.

तिसरी खूण वेदनेची, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. रक्ताविना राहिलेली कातडी ठणकते, जळते, आणि सूज जितकी दिसते त्याच्या मानाने दुखणं फार जास्त वाटतं. पण बहुतेक फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीचे तास न दुखताच निघून जातात आणि ठणका घरी पोचल्यावर सुरू होतो. दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं धरून चालू नये.

हे सगळं हुकलं तर दोन ते चार दिवसांत त्या जागेवर पांढऱ्या तोंडाच्या पुळ्या येतात. घरचे म्हणतात पिंपल्स आले, कुणी म्हणतं नागीण आहे, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं जातं. प्रत्यक्षात कातडी मरू लागलेली असते. आठवडाभरात काळी खपली धरते आणि खाली व्रण राहतो.

आपल्या भागात एक अडचण वाटेची आहे. समजा, सांगलीची एक मुलगी सकाळी पुण्याला जाते, दुपारी नाकाला फिलर घेते आणि लगेच परत निघते. सातारा जाईपर्यंत गुंगी आणि गप्पा. कराडच्या आसपास बधिरपणा उतरतो आणि नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत ठणका लागतो. पेठ नाक्यावर चहाला थांबल्यावर बरोबरची बहीण म्हणते, अगं, तुझं नाक एका बाजूने काळपट दिसतंय. या क्षणी बर्फ लावायचा नाही, कारण थंडीने धमन्या आणखी आक्रसतात. घरी जाऊन झोपायचंही नाही. दोन्ही बाजू दिसतील असा फोटो काढून ज्या डॉक्टरने टोचलं त्याला तिथूनच फोन करायचा आणि जवळात जवळ उपचार कुठे मिळेल ते ठरवायचं. "उद्या दाखवा" असं उत्तर आलं तर ते मान्य न करता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

कारण उपाय आहे, आणि तो चांगला आहे. हायलुरोनिडेझ नावाचं एन्झाइम हायलुरॉनिक ॲसिडचं जेल विरघळवतं. पांढऱ्या पुडीची कुपी असते, आपल्याकडे सहसा 1500 युनिटची. सलाइनमध्ये कालवून ते संबंधित भागात भरपूर टोचतात, मालिश करतात, गरम शेक देतात, आणि रंग परतला नाही तर साधारण तासाभराने पुन्हा देतात. एका छोट्या भागाला एका वेळी 500 युनिटसुद्धा लागतात. म्हणजे एका कुपीने भागेलच असं नाही. गरज वाटल्यास डॉक्टर ॲस्पिरिनही सुरू करतात. सशांच्या कानांवरच्या प्रयोगात चार तासांत दिलेल्या हायलुरोनिडेझने कातडी बरीच वाचली, 24 तासांनी दिल्यावर तेवढा उपयोग झाला नाही. उशीर झाला असला तरी उपचार सोडायचा नसतो, पण घड्याळ चालू असतं.

हे एन्झाइम या भागाला परकं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन देताना ते औषध नीट पसरावं म्हणून हेच मिसळतात. गुटख्याने ज्यांचं तोंड उघडेनासं होतं त्यांच्या गालात दंतवैद्य हेच टोचतात. सापाच्या विषातही हायलुरोनिडेझ असतं. बत्तीस शिराळ्याच्या नागाचं विष दंशाच्या जागेपासून झपाट्याने पसरतं त्यात याचा वाटा मोठा, कारण ते पेशींमधला चिकट पदार्थ मोडून विषाला वाट करून देतं. म्हणून स्किनच्या दवाखान्यात कुपी नसेल तर डोळ्यांच्या किंवा दातांच्या रुग्णालयात ती मिळण्याची शक्यता असते, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ही माहिती फार मोलाची आहे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर ज्यांना जोराची ॲलर्जी येते त्यांनी हे डॉक्टरला आधीच सांगावं, कारण त्या विषांतही हे एन्झाइम असतं.

मात्र ते फक्त हायलुरॉनिक ॲसिडच विरघळवतं. कॅल्शियमवर आधारित फिलर, स्वतःच्याच शरीरातून काढून टोचलेली चरबी, सिलिकॉन यांच्यावर त्याचा काही उपयोग नाही. नाक आणि भुवयांमधल्या जागेसाठी असं न विरघळणारं काही कुणी सुचवलं, तर मी तरी नको म्हणेन.

टोचताना किंवा नंतर एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागलं, डोळ्यात प्रचंड कळ आली, पापणी पडली, दोन-दोन दिसू लागलं, उलटी झाली किंवा अर्धं अंग लुळं वाटलं, तर फोटो काढण्यात किंवा टोचणाऱ्या डॉक्टरला फोन लावण्यात वेळ न घालवता थेट 108 ला फोन करून डोळ्यांचे तज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठायचं. डोळ्याचा पडदा रक्ताविना फार तर दीड तास तग धरतो असं मानलं जातं, काही संशोधक त्याहूनही कमी वेळ सांगतात. पूर्ण गेलेली नजर परत येणं दुर्मीळ असतं. डोळ्याचा दाब उतरवणं, बुबुळावर मालिश, हायलुरोनिडेझ असे उपाय करून पाहतात, पण खात्रीचा एकही नाही.

फिलर घ्यायचं ठरलं असेल तर आधीच काही गोष्टी मोकळेपणाने विचारा. कोणतं फिलर, ते विरघळतं का, हायलुरोनिडेझ आत्ता या दवाखान्यात आहे का आणि किती कुप्या, रात्री फोन कोण उचलेल. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. टोचण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात. ते आलं नाही म्हणजे सुई धमनीबाहेरच आहे असं मात्र होत नाही, कारण घट्ट जेलमुळे बारीक सुईतून रक्त पुष्कळदा मागे येत नाही. सुईविना दाबाने फिलर आत सोडणारी पेनंही पार्लरमध्ये आणि ऑनलाइन मिळतात. ती वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये दिला होता, आणि त्यात त्वचा, ओठ आणि डोळ्यांना कायमची इजा झाल्याचं नमूद केलं होतं.

सिरिंजच्या खोक्यावर नाव आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर असतं. ते मागून घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि टोचण्याआधीचा दिवसाच्या उजेडातला चेहऱ्याचा एक फोटो त्याच्यासोबत ठेवा. अपरात्री तातडीच्या विभागातल्या अनोळखी डॉक्टरला त्या स्टिकरवरून आत काय गेलंय ते कळतं, आणि त्या फोटोवरून तुमच्या कातडीचा मूळ रंग कोणता होता ते.