रुग्णसहायक प्रशिक्षण (ॲक्युट वॉर्ड): नाव नोंदवण्याआधी वाचा

हा कोर्स करून कोणी नर्स होत नाही, हे आधीच सांगतो. नर्सिंगच्या कोर्सपैकी एएनएमला २ वर्षं, जीएनएमला ३ वर्षं लागतात आणि वर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. आमच्याकडे ६ महिन्यांत तयार होतो तो सिस्टरच्या हाताखालचा सहायक. इंजेक्शन, औषधं, सलाईनचा वेग यांना त्यानं हात लावायचा नाही. ‘इंजेक्शनपण शिकवतो’ म्हणणारा क्लास भेटला तर परत फिरा. काही झालं तर अंगाशी तुमच्याच येणार.

ॲक्युट वॉर्ड म्हणजे आयसीयू, अपघात विभाग, ऑपरेशननंतरचा वॉर्ड. इथं सकाळी गप्पा मारणारा रुग्ण दुपारी धापा टाकू लागतो. अंग पुसायला, कूस बदलायला, बेडपॅन द्यायला खाटेपाशी सतत असतो तो सहायक, त्यामुळे बदल पहिल्यांदा दिसतो तोही त्यालाच. तो ओळखून लगेच सांगता यावा, यासाठी ही सगळी तयारी.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही श्वास मोजण्यावर घालवतो. काम सोपं, म्हणूनच ते अंदाजे उरकलं जातं: तक्त्यात प्रत्येक खाटेपुढे २० लिहिलेले दिसले की समजावं, कोणी मोजलेलंच नाही. रीत अशी. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं, नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हे नाटक. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा जास्त, नाहीतर ८ किंवा कमी भरला, तर तक्ता बाजूला आणि आधी सिस्टरला हाक. बऱ्याचदा बीपी पडण्याआधी श्वास वाढलेला असतो.

यंत्रंही फसवतात. नेलपॉलिश किंवा गार पडलेली बोटं असली की सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) चुकीचं दिसतं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त येतं. उसाचा रस प्यायलेल्याचं चिकट बोट न धुता टोचलं तर साखर भलतीच वाढलेली दिसते. आकडा विचित्र वाटला तर आधी रुग्णाकडे बघा, मग यंत्राकडे. अलार्म मात्र स्वतःहून बंद करायचा नाही.

युरोबॅग (नळीतून येणारी लघवी साठवायची पिशवी) मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवायची. बॅग रिकामी दिसली तर नळी मांडीखाली दुमडलीय का ते आधी बघा. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी व्हायला हवी. सलग दोन तास कमी झाली तर सांगायचं.

आता नातेवाईक. अर्धांगवायूच्या आबांना डब्यातला पांढरा रस्सा प्रेमानं चमचाभर पाजला जातो, आणि गिळता येत नसेल तर तो थेट फुप्फुसात जातो. ‘उपाशी’ ही पाटी नुसती लावून भागत नाही, ती घरच्यांना समजावूनही सांगावी लागते. नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी.

रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते. दोघांनी, ड्रॉशीट (रुग्णाच्या अंगाखालची आडवी चादर) धरून, गुडघे वाकवून. कूस दर २ तासांनी, आणि वळवताना माकडहाड व टाचा लाल झाल्यात का ते पाहायचं. दाबल्यावरही लाली जात नसेल तर जखम सुरू झाली समजा.

हात धुणं (साबणानं ४० ते ६० सेकंद), कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांची वाटणी आणि पुतळ्यावर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल) हे पहिल्याच महिन्यात होतं. इथं कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की सगळ्यांना दसरा चौकाजवळचं त्याच नावाचं रुग्णालयच आठवतं, त्यामुळे पहिल्या तासाला थोडा गोंधळ होतो!

प्रवेशाला दहावीची गुणपत्रिका, आधारकार्ड आणि मागून बंद, न घसरणारे बूट आणा. वॉर्डात रात्रपाळीही असते. गगनबावडा, राधानगरीकडून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीचा आणि मुक्कामाचा विचार आधीच करावा. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस असतात: आज पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पहिले दोन झाल्याशिवाय आम्ही वॉर्डात पाठवत नाही, म्हणून पहिला डोस नाव नोंदवायच्या आठवड्यातच घ्या.