पॅरामेट्रिक म्हणजे मॉड्युलर नव्हे

ग्रासहॉपर हे आकडे बदलून संगणकावर आकार घडवायचं सॉफ्टवेअर. त्यात स्लायडर सरकवल्यावर कमान कशी उंचावते ते सांगत बसत नाही.

प्रदर्शनांसाठी उभारायच्या पॅव्हिलियनबद्दल, म्हणजे मांडवांबद्दल, मला खटकतं ते एकच वाक्य: 'आमचं पॅव्हिलियन पॅरामेट्रिक आहे, म्हणजे मॉड्युलरच.' नाशिकमध्ये डिझाइनच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षणाला, बसलो की हे कानावर येतंच. पॅरामेट्रिक असतं ते मॉडेल, म्हणजे एका मापावरून दुसरं माप ठरवणारा नियम. मॉड्युलर असतात ते तुकडे. इथला काढून तिथे बसला, तरच मॉड्युलर.

आपल्याकडे वाड्याचं माप खणांत सांगायचे. खांबांमधलं अंतर ठरलेलं, म्हणून तुळई इथली तिथे चालायची. लंडनचा क्रिस्टल पॅलेसही (१८५१) एकाच मापाच्या काचांवर उभा राहिला आणि पुढे उचलून दुसरीकडे नेला गेला. संगणक दोन्हीकडे नव्हता. उलट टोक म्हणजे जर्मनीत हाइलब्रॉनला २०१९ साली उभारलेलं लाकडी पॅव्हिलियन. त्यात ३७६ पोकळ लाकडी पेट्या, रोबोंनी घडवलेल्या, प्रत्येक पेटी आपल्याच जागेसाठी. तेही सुटं करून पुन्हा उभारता येतं, पण प्रत्येक पेटी तिच्याच जागी परत गेली तर.

गोम वळणात आहे. छत बोगद्यासारखं एकाच दिशेला, एकाच त्रिज्येने वळलं, तर एकच फळी शेवटपर्यंत चालते. ते दोन्ही दिशांना मनमानी वळलं की प्रत्येक सांध्याचा कोन बदलतो. ग्रासहॉपर हे कोन क्षणात काढून देतं, म्हणून स्क्रीनवर सगळे तुकडे सारखेच भासतात.

डोंगरे वसतिगृह मैदानावर एका प्रदर्शनाच्या मांडणीत टेम्पोतून उतरवताना अशाच वळणदार मांडवाची एक लाकडी फासळी मोडली. सुतारकाकांनी गठ्ठ्यातली दुसरी लावून पाहिली. खाच बसली, पण टोक दोन बोटं बाहेर. प्रत्येक फासळीवर पेन्सिलने वेगळा नंबर होता. नवी कापून येईस्तोवर संध्याकाळ झाली. प्रदर्शन उठल्यावर त्या फासळ्या दुसऱ्या कशातच बसेनात, आणि आठ बाय चारच्या शीटमधून वाकडे तुकडे काढताना उरलेला प्लाय आधीच वाया गेला होता. याला मी तरी शाश्वत, म्हणजे साहित्य वाया न घालवणारं, बांधकाम म्हणणार नाही.

म्हणून मॉडेलमध्ये पहिला आकडा मी वेगवेगळ्या तुकड्यांचा मोजतो. डझनाच्या वर गेला तर कमान साधी करतो, तुकड्यांच्या जाती वाढवत नाही. सांधे नट-बोल्टचेच, डिंक-खिळे नकोत. आणि प्रत्येक जातीचा एक तुकडा जादा कापून टेम्पोत टाकतो.