रिव्हर्स लाइट: कधी लागते, का बंद पडते, आणि दुकानात येण्याआधी काय पाहायचं

"मागची लाइट गेली, बल्ब द्या," असं म्हणत कुणी काउंटरवर आलं की आम्ही आधी रंग विचारतो. कारण गाडीच्या मागे चार वेगवेगळ्या लाइट असतात. हेडलाइटबरोबर मंद लाल लागते ती टेल, ब्रेक दाबल्यावर जोरात लाल होते ती ब्रेक लाइट, पिवळा तो इंडिकेटर, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यावरच लागणारी पांढरी ती रिव्हर्स लाइट. तिलाच कुणी बॅक लाइट म्हणतं, कुणी बॅकअप लॅम्प. वस्तू एकच.

तिची कामं दोन. चालकाला मागचा रस्ता दाखवणं, आणि मागच्या माणसाला गाडी आता आपल्याकडे येणार हे सांगणं. आमच्या मते दुसरं काम जास्त मोलाचं, म्हणून ती दिवसाही चालू हवी. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डात ट्रक मागे घेताना हमाल, हातगाड्या, दुचाकी सगळे मागेच असतात. त्या गलक्यात कुणाचा हॉर्न कुणासाठी ते कळत नाही. पांढरी लाइट पेटलेली दिसली की माणूस आपसूक बाजूला होतो.

वेगळ्या बटणावर घेऊ नका

गिअरचा स्विच बिघडला की काही जण डॅशबोर्डवर बटण लावून लाइट तिथून चालवतात. हे काम आम्ही करून देत नाही. बटण चालू राहिलं आणि गाडी हायवेला लागली, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि अंधारात त्याला समोरून गाडी येत असल्यासारखं वाटतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ प्रमाणे गाडीच्या मागे लाल सोडून दुसऱ्या रंगाचा दिवा दाखवता येत नाही. त्यातून ज्या मोजक्या दिव्यांना सूट आहे, त्यात रिव्हर्स घेतानाची पांढरी लाइट येते. सूट रिव्हर्स घेण्यापुरतीच आहे.

बंद पडली तर कुठून सुरुवात करायची

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून चावी फक्त इग्निशनवर फिरवा, क्लच दाबा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी ब्रेक दाबून धरा. बघायला दुसरा माणूस असेल तर त्याला गाडीच्या बाजूला उभं करा, मागे नको. एकटे असाल तर संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, उजेड भिंतीवर दिसतो.

एकच बाजू लागत नसेल तर बिघाड त्या बाजूलाच आहे: बल्ब, होल्डर किंवा अर्थ (म्हणजे लॅम्पची गाडीच्या बॉडीला जोडलेली परतीची वायर). मात्र काही गाड्यांना कंपनीतूनच एका बाजूला रिव्हर्स आणि दुसऱ्या बाजूला लाल फॉग लाइट येते. तिथे बिघाड नसतो, गाडीचं पुस्तक एकदा बघून घ्या. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर बल्बवर पैसे घालवण्याआधी फ्यूज आणि गिअरबॉक्सवरचा स्विच तपासा. दोन बल्ब एकाच दिवशी सहसा जात नाहीत. गाडीतले इतर बल्बही पटापट जात असतील तर चार्जिंगचं व्होल्टेज मोजून घ्या.

रिव्हर्स कॅमेरा असेल तर एक सोपी खूण आहे. कॅमेऱ्याला सिग्नल बहुधा रिव्हर्स लाइटच्याच वायरवरून घेतलेला असतो. अशा गाडीत स्क्रीन चालू होते पण लाइट लागत नाही, याचा अर्थ फ्यूज आणि स्विच ठीक आहेत. दोष मागे आहे.

अर्थ: सर्वांत जास्त चकवणारा बिघाड

बल्ब नवा, फ्यूज चांगला, तरी लाइट पिवळट आणि मंद. किंवा ब्रेक दाबला की रिव्हर्स लाइटही मिणमिणते. असं झालं की अर्थ बघायचा. लॅम्पची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने कसलेली असते तिथे पावसाळ्यात पाणी मुरतं, गंज धरतो. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. तपासताना लाइट चालू ठेवा, मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजायच्या मीटरची) लाल पिन होल्डरच्या अर्थवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. स्क्रू काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, स्क्रू घट्ट कसा, वरून थोडं ग्रीस लावा. होल्डरच्या आत हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर खरवडत बसू नका, होल्डरच बदला. डिकीच्या दारावर लॅम्प असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर वाकून वाकून आतून तुटते, तीही पाहा.

स्विच

गिअरबॉक्सवर दोन वायरींचा स्विच असतो. रिव्हर्स टाकला की आतली पिन दाबली जाते आणि सर्किट जुळतं. कप्लर (वायरींचा जोड) काढून स्विचच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे करंटला सलग वाट आहे का, ते पाहा: रिव्हर्समध्ये यायला हवी, न्यूट्रलला जायला हवी. गिअर लिव्हर हाताने दाबून धरल्यावरच लाइट लागत असेल तर पिन झिजली आहे किंवा लिंकेजची (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांड्यांची) बुश सैल झाली आहे. रिव्हर्स काढल्यावरही लाइट तशीच राहिली तर पिन आत अडकली आहे किंवा वायर शॉर्ट आहे. स्विच काढताना काही गिअरबॉक्समधून ऑइल येतं, खाली भांडं ठेवा. वॉशर नवा टाका आणि जास्त ताकद लावू नका, अॅल्युमिनियमच्या घरातले आटे लगेच जातात.

बल्ब घेताना

जुन्या पद्धतीच्या लॅम्पमध्ये बहुधा पी२१डब्ल्यू, म्हणजे २१ वॅटचा बल्ब बसतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पिना एकाच उंचीवर असतात. टेल-ब्रेकच्या दोन फिलामेंटच्या बल्बच्या पिना खाली-वर असतात, तो इथे जबरदस्तीने दाबला की होल्डर वाकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत चपट्या बुडाचा १६ वॅटचा डब्ल्यू१६डब्ल्यू येतो. कार १२ व्होल्ट, मोठा ट्रक २४ व्होल्ट. १२ चा बल्ब २४ वर लगेच उडतो, २४ चा १२ वर निस्तेज जळतो.

एलईडी बल्ब लावला आणि पेटला नाही तर उलटा करून बसवा, त्याला प्लस-मायनस असतं. काही गाड्यांत एलईडी लुकलुकतो किंवा मीटरवर बल्ब गेल्याची खूण येते, कारण तो करंट कमी घेतो. त्यावर रेझिस्टर (जादा करंट घेणारा भाग) लावतात, पण तो चांगलाच तापतो. प्लॅस्टिकला किंवा वायरींना टेकवू नका, पत्र्यावर कसा.

ट्रकला मागे जादा वर्क लॅम्प हवा असेल तर मूळ वायरला थेट जोडू नका. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात, फ्यूज आणि स्विच तेवढ्याच हिशोबाचे असतात. चार पिनी रिले (थोड्या करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच) घ्या, त्याच्या पिनांवर नंबर असतात: ८६ ला रिव्हर्सची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूजसह लाइन, ८७ वरून लॅम्प. लॅम्पचं तोंड जमिनीकडे झुकतं ठेवा.

उसाच्या ट्रॉलीला ही लाइट हवी, असं विचारणाऱ्यांसाठी: सात पिनांच्या प्रचलित प्लगमध्ये रिव्हर्सला स्वतंत्र पिन नसते. वेगळी दोन तारांची केबल ओढावी लागते, आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला स्विच बसायची जागा आहे का ते आधी बघावं लागतं. त्यासाठी ट्रॅक्टर दुकानावर आणा. बाकी कामांना जुना बल्ब सोबत आणा आणि एक बाजू गेली की दोन्ही, एवढं सांगा.