कन्फेशनची तयारी वेगळी, एक्झामेन वेगळा

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागला की धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ हमखास येते. दहा आज्ञा आणि प्रत्येकीखाली प्रश्नांची रांग: रविवारची मिस्सा चुकवली का, आईवडिलांना उलटून बोललात का, कुणाबद्दल खोटंनाटं पसरवलं का. प्रश्नांत खोट काहीच नाही. खोट आहे ती वरच्या मथळ्यात: ‘रोज रात्री करायचा एक्झामेन’. अहो, ही कन्फेशनच्या, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करण्याच्या, तयारीची यादी आहे. एक्झामेन, म्हणजे देवासमोर आपल्या दिवसाकडे मागे वळून पाहण्याची रोजची प्रार्थना, हे निराळं प्रकरण आहे. दोन्हींची खिचडी केली की दोन्ही बिघडतात, आणि दरवर्षी तेच होतं.

कन्फेशनची तयारी तुम्हाला फर्स्ट कम्युनियनच्या वर्गापासून ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, मागच्या कन्फेशनपासूनचं वागणं देवाच्या वचनासमोर धरायचं, पापं आठवायची, पश्चात्ताप करायचा. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची असतात (धर्मसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्यातलं कलम 988), आणि तीही वर्षातून निदान एकदा (कलम 989). संपलं.

एक्झामेनचं मूळ लोयोलाच्या संत इग्नेशियसकडे आहे. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिला. पराक्रमाची, दरबारातल्या मानपानाची स्वप्नं रंगवताना त्याला मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की मागे आनंद उरायचा आणि तो टिकायचा. दोन्ही विचारांत पाप असं काही नव्हतं. फरक होता तो विचार निघून गेल्यावर मनात काय उरलं याचा. एक्झामेनचं बीज या निरीक्षणात आहे.

पुढे त्याने ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’मध्ये पाच पायऱ्या घातल्या. पोपची मान्यता मिळून हे पुस्तक 1548 साली छापलं गेलं. आधी देवाचे आभार. मग पापं ओळखून ती टाकण्यासाठी कृपेची याचना. मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहणं. मग क्षमा. मग उद्याचा निश्चय, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. जेझुइटांना, म्हणजे त्याने स्थापलेल्या संघाच्या सदस्यांना, हे दिवसातून दोनदा करायचं असतं.

आता कुणी म्हणेल, यात पापाचा उल्लेख आहेच की. आहे, नाकारत नाही. त्याच पुस्तकात एखादा ठरावीक दोष निवडून तो दिवसातून किती वेळा घडला याचे टिंब रेघेवर मांडायची रीतसुद्धा आहे. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. कित्येक पिढ्यांनी टिंब उचलले आणि आभाराची पायरी गाळली. 1972 साली जॉर्ज आशेनब्रेनर या अमेरिकन जेझुइटाने एका लेखात हे सरळ केलं: चांगलंवाईट कृत्य मोजण्याआधी देव आज मला कुठे नेत होता आणि मी त्याला काय प्रतिसाद दिला हे पाहा. आज रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, शिकवतात तो एक्झामेन बहुतेक याच वळणाचा असतो.

फरक नेमका इथे आहे. कन्फेशनची तयारी विचारते, आज्ञा कुठे मोडली? एक्झामेन विचारतो, देव कुठे होता आणि माझं मन कुठे झुकलं?

समजा, नरिमन पॉइंटच्या ऑफिसात काम करणारा एक माणूस आहे. रात्री नऊला चर्चगेटहून गाडी पकडतो, बोरिवलीला उतरतो, जेवतो, झोपतो. पीडीएफच्या यादीत त्याच्या दिवसाला एकही खूण लागत नाही. पण दुपारी टपरीवर ऑफिसच्या शिपायाने मुलाच्या दहावीच्या गणिताची काळजी बोलून दाखवली, यानेही तिथेच कागदावर दोन गणितं सोडवून दिली, आणि दिवसभरात तेवढाच वेळ त्याचं मन मोकळं झालं. यादीत याला रकाना नाही. एक्झामेन मात्र तिथेच थबकतो. तेव्हाच का? उद्या पुन्हा तसंच वाटेल का? महिनाभर त्याच जागी मन उजळत राहिलं, तर देव त्याला काहीतरी सुचवतो आहे, हे त्याने गांभीर्याने घ्यावं. पापं मोजून हे कधीच कळलं नसतं.

आता उलट बाजू, कारण एक्झामेनचे भक्तही कमी घोळ घालत नाहीत. दुसऱ्या एकाने फ्लॅट घेतला, अर्धे पैसे चेकने, अर्धे रोख. रात्री डोळे मिटून बसला तर मन अगदी शांत. घर झालं, बायको खूश, देवाचे आभार. ‘मला शांती वाटते, म्हणजे देवाची मर्जी.’ नाही हो. इथे यादीच हवी. ‘चोरी करू नको’, ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञा तुमच्या मनाला काय वाटतं हे विचारत नाहीत.

आणि इग्नेशियस ज्याला सांत्वन म्हणतो ते बरं वाटणं नव्हेच. विश्वास, आशा, प्रीती वाढते ते सांत्वन. आपल्या पापांसाठी डोळ्यांत आलेलं पाणीही त्याने सांत्वनातच धरलं आहे. उलट ज्या दिवशी मन ओसाड, आळसावलेलं, प्रार्थना नको म्हणणारं असेल, तो दिवस पापाचा असेलच असं नाही. अशा दिवसांत आधी केलेले निश्चय बदलू नका, असा त्याचा स्पष्ट नियम आहे. कोरडेपणालाच पाप समजून कन्फेशनमध्ये सांगणारे पाहिले की मला वाईट वाटतं.

बाकीचे फरक किरकोळ. एक्झामेनला पंधरा मिनिटं पुरतात, वही असली तर बरं, गुडघे टेकायलाच हवेत असं नाही. बिछान्यात आडवं पडून मात्र करू नका, दुसऱ्या पायरीवर घोरायला लागाल. विरार फास्टमध्ये खिडकीची जागा मिळाली तर तिथेही जमतो. दाराशी लटकून नाही.

स्वतःला दहापैकी गुण देणारी ॲप्स मला अजिबात पटत नाहीत. एक्झामेनला ‘ख्रिस्ती माइंडफुलनेस’ म्हणणारेही पटत नाहीत. एक्झामेनमध्ये तुम्ही कुणाशी तरी बोलत असता, एकट्याने स्वतःचा श्वास न्याहाळत नसता. नुसती आभारांची यादी करून थांबणं हाही अर्धाच एक्झामेन. ज्यांना प्रत्येक गोष्टीत पापच दिसतं अशा हळव्या मनाच्या माणसांनी रोज रात्री आज्ञांची यादी हातात घेऊच नये. त्यांनी एकाच फादरांना धरून राहावं आणि त्यांचं ऐकावं. प्रॉटेस्टंट मित्रांना कन्फेशनचं हे सगळं परकं वाटेल, पण एक्झामेनला त्यांनाही कसली आडकाठी नाही.

रात्रीच्या एक्झामेनमध्ये गंभीर पाप सापडलं तर तिथेच क्षमा मागा, पण तेवढ्याने कन्फेशनचा संस्कार झाला असं समजू नका. ते शनिवारी संध्याकाळी कन्फेशनला घेऊन जा. आणि तिथे टपरीवर मन कसं मोकळं झालं, परवा कसं कोरडं वाटलं याची कथा लावू नका. ती आध्यात्मिक मार्गदर्शकाची वेळ घेऊन त्यांना सांगा. कन्फेशनमध्ये पाप कोणतं आणि किती वेळा, एवढंच. मागे रांग असते.