सिस्टम ट्रे (लिनक्स): जागा सुटलेल्या आयकॉनांची दुरुस्ती

लिनक्सच्या डेस्कटॉपवर पॅनेलच्या टोकाला, घड्याळाशेजारी, नेटवर्क, आवाज, बॅटरी, कीबोर्डची भाषा यांचे छोटे आयकॉन ज्या पट्टीत बसतात तिला सिस्टम ट्रे म्हणतात. हे आयकॉन अधूनमधून जागा सोडतात. कधी पडद्याच्या कोपऱ्यात सुट्या चौकोनात तरंगतात, कधी एकमेकांवर चढतात, कधी दुसऱ्याच मॉनिटरवर जातात, तर कधी दिसेनासे होतात. बाहेरून हे सगळे दोष सारखेच वाटतात, पण प्रत्येकाचे मूळ वेगळे असते. त्यामुळे संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याआधी तो आयकॉन कोणत्या पद्धतीने ट्रेमध्ये येतो हे शोधणे, ही दुरुस्तीची खरी सुरुवात होय.

सीमाभागातील संदर्भ

बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत एकाच टेबलावर मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि इंग्रजी बिल तयार होते. कीबोर्डची भाषा दिवसातून कितीतरी वेळा बदलावी लागते. विंडोजवर बरह आणि नुडी ही कन्नड टंकलेखनाची सॉफ्टवेअर वापरलेल्या हातांना भाषा कोणती चालू आहे हे कोपऱ्यात बघायची सवय असते. इन्स्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांना तर ही नजर टाकावीच लागते. 1991 च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या या मांडणीत ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांची अक्षरे उच्चाराप्रमाणे त्याच त्या कळांवर असतात. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर येतात, त्यामुळे बोटांना फरक कळत नाही. ट्रेमधला भाषेचा आयकॉन हरवला की नावाची अर्धी ओळ मराठीत आणि अर्धी कन्नडमध्ये उमटल्यावरच चूक लक्षात येते. ‘खाली चिन्हच नाही की’ ही तक्रार म्हणून इथे किरकोळ मानता येत नाही.

विंडोज 7 ला मिळणारा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. चालू स्थितीतले जुने संगणक टाकून देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवणे हा छोट्या दुकानाला परवडणारा मार्ग आहे. ट्रेचे प्रश्न बहुतेकदा अशाच बदलानंतर समोर येतात.

दोन पद्धती

जुन्या पद्धतीचे नाव एक्सएम्बेड. हिच्यात प्रत्येक आयकॉन ही खरोखरीची एक चिमुकली खिडकी असते. पॅनेल एक्स सर्व्हरकडे (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी व्यवस्था) ‘या पडद्याचा ट्रे माझ्याकडे’ अशी नोंद करते. प्रोग्रॅम सुरू झाला की तो नोंदीतला मालक शोधतो, त्याला आत घेण्याची विनंती करतो आणि आपली खिडकी पॅनेलच्या स्वाधीन करतो. एका पडद्याला एकच मालक असू शकतो. मालकच नसेल तर खिडकी कुणाच्या स्वाधीन करायची? मग ती तशीच उघड्यावर राहते. वाईनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे साधन) चालवलेल्या जुन्या विंडोज सॉफ्टवेअरचा आयकॉन वेगळ्या छोट्या खिडकीत दिसतो, त्याचे कारण हेच.

नवी पद्धत स्टेटस नोटिफायर आयटम. ती केडीई या डेस्कटॉपच्या प्रकल्पातून आली, आणि उबुंटूने 10.04 या आवृत्तीपासून (एप्रिल 2010) ॲप इंडिकेटर या नावाने तिच्याशी जुळणारी व्यवस्था आणली. हिच्यात खिडकी नसते. प्रोग्रॅम डी-बस या निरोपवाहिनीवरून ‘माझे नाव हे, चित्र हे, मेनू हा’ एवढेच कळवतो. चित्र काढणे आणि मेनू उघडणे पॅनेल करते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही पद्धत सर्वच बाबतींत सरस आहे. आयकॉनचा आकार, पार्श्वभूमीचा रंग आणि जागा एकाच्या हाती राहिल्याने गोंधळाला वाव कमी राहतो. वेलँडवर (एक्स सर्व्हरची जागा घेणारी नवी व्यवस्था) तर दुसरा पर्यायच नाही, कारण तिथे एका प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्यात अशी बसवता येत नाही.

अडचण संक्रमणाची आहे. केडीई प्लाझ्मा 5 ने 2014 मध्ये जुनी पद्धत सोडली. मात्र जुने प्रोग्रॅम उघडे पडू लागल्यावर डिसेंबर 2015 मधील 5.5 या आवृत्तीत जुन्या खिडकीचे नव्या निरोपात रूपांतर करणारा एक दुभाष्या प्रोग्रॅम दिला. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने 3.26 मध्ये (सप्टेंबर 2017) जुन्या आयकॉनांची जागाच काढून टाकली. उबुंटू मात्र 17.10 पासून ॲप इंडिकेटरचे विस्तारक (एक्स्टेंशन) स्वतःहून बसवून देते. म्हणूनच उबुंटूवर व्यवस्थित दिसणारा आयकॉन साध्या ग्नोमवर गायब असतो. तिथे हे विस्तारक आपले आपण बसवावे लागते. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये दोन पद्धतींसाठी दोन वेगळे प्लगइन होते, ते 4.16 मध्ये (डिसेंबर 2020) एक झाले. त्याआधीच्या आवृत्तीत काही आयकॉन एका जागी आणि काही दुसऱ्या जागी दिसत असतील तर तो बिघाड नव्हे. दोन्ही प्लगइन ओढून शेजारी ठेवले की झाले.

आयकॉन नव्या पद्धतीचा आहे का, हे डी-बसवरच्या नोंदी दाखवणाऱ्या डी-स्पायसारख्या निरीक्षकात पाहता येते. तिथे स्टेटस नोटिफायर वॉचर या नावाखाली नोंदलेल्या आयटमांची यादी असते. त्या यादीत नसलेला पण पडद्यावर दिसणारा आयकॉन बहुधा एक्सएम्बेडचा समजावा.

सुरुवातीची शर्यत

सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त चकवणारा दोष हा. लॉगिन होताच पॅनेल आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम एकाच वेळी धावू लागतात. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर पॅनेल मागे पडते, प्रोग्रॅम आधी पोचतो, आणि ट्रेचा मालक न सापडल्याने त्याचा आयकॉन डाव्या कोपऱ्यात तरंगतो किंवा दिसतच नाही. नियमाप्रमाणे पॅनेल आल्याची घोषणा ऐकून प्रोग्रॅमने पुन्हा विनंती करायची असते, पण सगळे प्रोग्रॅम तेवढे शिस्तीचे नसतात. हा दोष रोज येत नाही. एखाद्या दिवशी संगणक जरा लवकर तयार झाला की सगळे जागेवर असते. त्यामुळे माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज सारखी जाते-येते, दिवसातून चार वेळा संगणक सुरू करावा लागतो, तेव्हा हा लपंडाव फार जाणवतो.

उपाय म्हणजे प्रोग्रॅमला थोडे थांबवणे. सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये स्टार्टअप ॲप्लिकेशन्सच्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमसमोर विलंबाचे सेकंद भरता येतात. माटे या डेस्कटॉपमध्येही तशी सोय आहे. एक्सएफसीईमध्ये ती नाही. तिथे सुरुवातीच्या आज्ञेआधी ‘स्लीप’ ही आज्ञा लावून 8 ते 10 सेकंद थांबवावे लागते. किती सेकंद हे त्या-त्या संगणकावर करून पाहूनच ठरते. आज लगेच काम हवे असेल तर आधी पॅनेल पुन्हा सुरू करावे, आणि तरीही जागा मिळाली नाही तर तेवढा एकच प्रोग्रॅम बंद करून उघडावा. पूर्ण लॉगआउट करण्याची गरज पडत नाही. एक्स सर्व्हरवर चालणाऱ्या ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ 2 दाबून इंग्रजी ‘आर’ हे अक्षर दिले की शेल (ग्नोमचे पॅनेल सांभाळणारा भाग) पुन्हा सुरू होते. वेलँडवर हा मार्ग चालत नाही.

इतर दोष

दोन पॅनेल करून दोन्हींवर ट्रे ठेवला की एक्सएम्बेडचे आयकॉन एकाच ठिकाणी येणार, कारण मालक एक. दुसरा ट्रे काढून टाकावा.

प्रोजेक्टर जोडल्यावर आयकॉन नाहीसे होणे हा प्रकार महाविद्यालयांच्या सभागृहांत नेहमीचा आहे. बेळगावात 1998 मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या परिसरात सेमिनार देणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नसावा. इथे आयकॉन हरवत नाहीत. अख्खे पॅनेलच मुख्य मानल्या गेलेल्या पडद्यावर जाते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा पडदा मुख्य ठरवावा, आणि एक्सएफसीई असेल तर पॅनेलच्या पसंतीत आउटपुट म्हणून तोच पडदा नेमून द्यावा.

प्लाझ्मामध्ये आयकॉन बाणाच्या मागे दडतो. प्रोग्रॅम स्वतःला ‘निष्क्रिय’ म्हणवत असेल तर प्लाझ्मा त्याला मागे ठेवते. ट्रेच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी दाखवा’ निवडणे पुरेसे आहे. क्रमाच्या बाबतीत जुन्या पद्धतीवर फार भरवसा ठेवू नये, तिथे सहसा आधी आला तो आधी बसतो. एक्सएफसीईच्या ट्रेमध्ये आयकॉनांची यादी वर-खाली करून क्रम बांधता येतो.

जास्त घनतेच्या पडद्यावर काही आयकॉन मुंगीएवढे दिसतात. एक्सएम्बेडच्या खिडकीला पडद्याचे प्रमाण कळत नाही, ती पिक्सेल मोजूनच येते. पॅनेलमध्ये आयकॉनचा आकार वाढवून थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेणे हाच पक्का उपाय.

आयकॉनच्या जागी रिकामी फट किंवा तुटलेल्या चित्राची खूण आली तर जागेचा नव्हे, चित्राचा प्रश्न असतो. निवडलेल्या थीममध्ये त्या नावाचे चित्र नसते, किंवा फ्लॅटपॅक-स्नॅप या पॅकेज पद्धतींतून बसवलेल्या प्रोग्रॅमचे चित्र त्याच्या बंदिस्त कप्प्यात राहते आणि पॅनेलला तिथवर पोचता येत नाही. थीम बदलून पाहिली की यांपैकी काय आहे ते लगेच कळते.

भाषेचा आयकॉन

वरचे सगळे उपाय करूनही दुकानातल्या संगणकावर भाषेची खूण ट्रेच्या भरवशावर ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. आयबस या टंकलेखन व्यवस्थेचा आयकॉन ग्नोममध्ये शेल स्वतः काढते, त्यामुळे तो हलत नाही. एक्सएफसीई किंवा माटेमध्ये मात्र तो ट्रेमधून येतो आणि वरच्या सगळ्या दोषांना बळी पडतो. तिथे कीबोर्डची मांडणी थेट एक्सकेबी या एक्स सर्व्हरच्या कीबोर्ड व्यवस्थेमधून घेऊन पॅनेलवर कीबोर्ड लेआउटचे स्वतंत्र प्लगइन बसवावे. ते ट्रेचा भाग नसल्याने शर्यतीत सापडत नाही.

लिनक्समध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्टखेरीज कगप मांडणीही आहे. कन्नड गणक परिषतेच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी मूळची कन्नडची. नुडीवर टाइप करायला शिकलेल्या माणसाला तिच्यावर मराठी लिहिताना हात बदलावा लागत नाही, आणि सीमाभागात असे हात पुष्कळ आहेत. प्लगइनमध्ये झेंडा न ठेवता अक्षरे आणि भाषेचे नाव हे पर्याय निवडावेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही मांडण्या ‘भारत’ याच गटात मोडतात, म्हणून झेंडा दोन्हींना तिरंगाच दिसतो. एक्सकेबीमध्ये एका वेळी चारच मांडण्या ठेवता येतात: इंग्रजी, मराठी, कन्नड, आणि गिऱ्हाईक तसे येत असेल तर हिंदी.