पुलामागचं गणित: क्रॉसच्या तक्त्यापासून मेशपर्यंत

नागपुरात वर्धा रोडवर छत्रपती चौकात मान वर करून पाहिलं की एकाच खांबावर दोन वाटा दिसतात: मधून उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. असं बांधकाम आज कॉम्प्युटरवर मॉडेल केल्याशिवाय कोणी हाती घेत नाही. त्या मॉडेलमागचा विचार मात्र कॉम्प्युटरपेक्षा जुना. घोडं अडलं होतं ते आकडेमोडीपाशी.

नाविए, मॅक्सवेल, मोहर, कास्तिग्लियानो यांनी एकोणिसाव्या शतकातच तुळया आणि चौकटींचं शास्त्र उभं केलं होतं. समीकरणं मांडता येत. सोडवताना दमछाक होई. ३० अज्ञातांची समीकरणं सोडवायला साधारण ९,००० गुणाकार लागतात, ६० असतील तर ७२,०००.

१९३० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या हार्डी क्रॉस यांनी अवघ्या दहा पानांच्या लेखात यातून वाट काढली. ही मोमेंट डिस्ट्रिब्युशनची, म्हणजे तुळईला वाकवू पाहणारा जोर (मोमेंट) वाटत जाण्याची, पद्धत किती सुंदर आहे ते करूनच पाहावं. तुळईचे सहा-सहा मीटरचे दोन सलग गाळे, म्हणजे आधारापासून आधारापर्यंतचे भाग, घ्या. बाहेरची दोन्ही टोकं फिक्स्ड, म्हणजे जराही फिरू न शकणारी, आणि फक्त डाव्या गाळ्यावर मीटरला २० किलोन्यूटन भार. आधी मधला सांधाही जखडलेला धरायचा. मग डाव्या तुळईच्या दोन्ही टोकांना भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२, म्हणजे ६० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. आता सांधा सोडायचा. दोन्ही तुळया सारख्याच ताठ, म्हणून ६०ची वाटणी ३०-३०. त्याचा अर्धा, १५, पलीकडच्या टोकांना कॅरी ओव्हर. झालं: डाव्या टोकाला ६० अधिक १५ म्हणजे ७५, मध्ये ३०, उजवीकडे १५. मोठ्या चौकटीत तक्ता मांडून हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचं, उरलेला मोमेंट नगण्य होईपर्यंत.

पण पातळ पत्रा, घुमट, विमानाचा पंख यांना असे मोजके सांधे नसतात. हरेनिकॉफ यांनी १९४१ मध्ये सलग पदार्थाऐवजी सळ्यांची जाळी कल्पिली, कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकडे. तेव्हा त्यांचं फारसं चीज झालं नाही, कारण इतकी समीकरणं सोडवणारं यंत्रच हाताशी नव्हतं. ते आलं पन्नाशीच्या दशकात, आणि गरज पुढे केली विमानांनी. डेल्टा पंखाला साधी तुळई मानून उत्तर जुळेना, तेव्हा बोइंगमध्ये टर्नर आणि क्लफ यांनी तो छोट्या तुकड्यांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, मांडला. तो शोधनिबंध १९५६चा. या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. नागपुरात आजच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेची, म्हणजे तेव्हाच्या व्हीआरसीईची, स्थापनाही त्याच वर्षीची. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विल्सन यांनी ‘सॅप’ हा प्रोग्राम आणला आणि ही पद्धत इमारती-पुलांच्या कामात रुळली.

नागपुरात सिव्हिलची मुलं आजही क्रॉसचा तक्ता हातानं भरतात, आणि ते व्हायलाच हवं. टोक फिक्स्ड की हिंज्ड (बिजागरीसारखं फिरू शकणारं), हे चुकीचं टाकलं तरी प्रोग्राम उत्तर देतोच. वरच्या उदाहरणात डावं टोक हिंज्ड धरलं, तर तिथले ७५ शून्यावर येतात आणि मधल्या सांध्यावरचे ३० थेट ५१ च्या पुढे जातात.